एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे आधारगट : धर्मग्रामांसाठी माहिती

एचआयव्हीची बाधा असलेल्या व्यक्ती ठरावीक दिवशी एकत्र येतात, प्रशिक्षित व्यक्तीच्या साहाय्याने मनावरील ओझे परस्परांसमोर मांडतात व त्यातून मार्ग शोधतात. अशा मंडळाला आधारगट म्हणतात. अमरावती धर्मप्रांतातील वाशिम जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागात या गटांची गरज का भासते, ते कसे चालतात आणि त्यांच्या संदर्भात धर्मग्रामाचे कर्तव्य कोणते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

औषधानंतर उरणारे दुखणे

भारतात एचआयव्हीचे पहिले निदान १९८६ साली चेन्नईत झाले. ते करणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन माहेरच्या गायतोंडे होत. त्या काळी उपचार जवळजवळ नव्हते. १ एप्रिल २००४ पासून शासनाने एआरटी औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला व २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे.

तथापि गोळीने भय जात नाही. पतीच्या निधनानंतर सासरच्यांनी दोष दिलेली विधवा, विवाहाचा विषय निघताच गप्प होणारा तरुण, मुलाला आजाराचे नाव कसे सांगावे या चिंतेतील आई, यांची व्यथा मनाची आहे. नैराश्य आलेला मनुष्य औषधे टाळू लागतो आणि मग शरीरही ढासळते. म्हणून मनाचा आधार हा उपचाराचाच भाग मानावा लागतो.

गटाचा उगम व अनुभव

रुग्णांना एकत्र बसवून धीर देण्याची आधुनिक पद्धत क्षयरोगापासून सुरू झाली. १९०५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरुग्णांचा वर्ग भरविला व त्यासाठी तेथील इमॅन्युएल चर्चने साहाय्य केले. आरोग्याचे नियम शिकविण्यासाठी भरलेल्या त्या वर्गात रुग्णांना एकमेकांच्या सोबतीनेच मोठा धीर मिळतो, असे आढळून आले.

अलीकडे आफ्रिकेतील युगांडा देशाच्या उत्तर भागात डॉ. एथेलड्रेडा नाकिमुली-म्पुंगू यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या व नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तींसाठी आठ बैठकांचा कार्यक्रम तयार केला. त्यात स्त्रियांचे व पुरुषांचे गट वेगळे असतात. प्रथम ओळख व आजाराची माहिती, नंतर स्वतःचे दुःख सांगणे, पुढे अडचणी सोडविण्याची रीत आणि शेवटी उपजीविकेचे मार्ग, असा त्याचा क्रम आहे. ३० आरोग्य केंद्रांतील १,१४० व्यक्तींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. केवळ माहिती देणाऱ्या गटांपेक्षा या गटांत नैराश्य कितीतरी कमी झाल्याचे दिसले. हे गट मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी चालविले होते. जेथे तज्ज्ञ दुर्मीळ आहेत, अशा भागांसाठी हा अनुभव मोलाचा आहे.

वाशिममधील विशेष अडचणी

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा आहे. लहान गावात सर्वजण सर्वांना ओळखतात. बैठकीला जाताना कोणी पाहील, या भीतीनेच अनेकजण घराबाहेर पडत नाहीत. शिवाय बसभाडे व बुडालेली मजुरी यांचा भार असतो. म्हणून औषध घेण्याच्या दिवसालाच बैठक जोडावी, सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत ती ठेवू नये आणि जागेवर आजाराचे नाव असलेला फलक लावू नये.

गटाचे नियम

ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, हा पहिला नियम. कोणावरही बोलण्याची सक्ती नसावी. बाधा कशी झाली, हा प्रश्न विचारू नये. उपदेशापेक्षा ऐकण्यास अधिक वेळ द्यावा. जीव देण्याचा विचार कोणी बोलून दाखविल्यास त्याला एकटे न सोडता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. आधारगट हा औषधाला पर्याय नाही, हेही स्पष्ट सांगावे.

गुप्तता हे केवळ सौजन्य नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार संमतीवाचून कोणाची बाधा उघड करणे व नोकरी, शिक्षण वा उपचारांत भेदभाव करणे यांस मनाई आहे.

धर्मग्रामाचे कर्तव्य

भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेच्या आरोग्य आयोगाने २००५ साली एचआयव्हीविषयक धोरण प्रसिद्ध करून करुणा व सेवा ही ख्रिस्तसभेची बांधिलकी ठरविली. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली स्थापन केलेल्या कृपा फाउंडेशननेही व्यसनमुक्तीबरोबर एचआयव्हीबाधितांची सेवा केली आहे.

धर्मग्रामाने नित्य वापरातील एखादी खोली द्यावी, प्रवासखर्चास गुप्तपणे हातभार लावावा आणि सर्व धर्मांच्या लोकांना तेथे समान प्रवेश असावा. धर्मगुरूंनी बोलावल्यास जावे, परंतु गटाचे नेतृत्व सभासदांकडे व समुपदेशकाकडे राहू द्यावे. प्रायश्चित्त संस्कार व आधारगट यांची गल्लत करू नये. गटात कोणी पापनिवेदनासाठी येत नाही. मिस्सेतील श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत कोणाचे नाव किंवा ओळख पटेल असा उल्लेख टाळावा. आपल्या एका कुजबुजीने कोणाचा औषधोपचार थांबू शकतो, याचे भान प्रत्येक कुटुंबाने ठेवावे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी एकत्र उभे राहून प्रभूला हाक मारतात. त्यांतील एक शोमरोनी होता. एरवी परस्परांशी व्यवहार न ठेवणारे लोक दुःखाने एकत्र आले होते. प्रभूने त्यांच्या आजाराचे कारण विचारले नाही.

मदत कोठे मिळेल?

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी व समुपदेशन मोफत होते आणि तेथील समुपदेशक आधारगटाविषयी मार्गदर्शन करू शकतात. एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७ व मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. आपल्या धर्मग्रामाच्या सूचना फलकावर, इतर सूचनांसोबत, हे दोन्ही क्रमांक लावावेत, अशी आमची सर्व धर्मगुरूंना व धर्मभगिनींना विनंती आहे.