खांदेरी : कोंडीच्या खडकावरचा दिवा

मुंबई बंदराच्या दक्षिण मुखाशी, थळच्या किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटर समुद्रात खांदेरी बेट आहे. त्यावरील अष्टकोनी दीपस्तंभ १८६७ मध्ये उभा राहिला आणि आजही तो जहाजांना मुंबईची वाट दाखवतो. मात्र या खडकावर पहिला तट उठला, तो मुंबईची वाट अडवण्यासाठी. आजचा धागा या उलटापालटीविषयी.

मूळ प्रश्न जंजिऱ्याच्या सिद्दीचा होता. त्याचे आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात आसरा घेई आणि तेथून स्वराज्याच्या किनाऱ्यावर लूटमार करी. मुंबई १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. हा पाहुणा कंपनीलाही जड जात असे. पण सिद्दीच्या पाठीशी मोगल बादशहा होता आणि कंपनीचा सुरतेचा व्यापार मोगली मुलखातला. नकार देणे परवडत नव्हते.

शिवाजी महाराजांनी बंदराच्या तोंडाशीच ठाणे घालण्याचे ठरवले. तेथे पहारा बसला की सिद्दी असो वा इंग्रज, कोणाचेही गलबत नजर चुकवून जाणार नाही.

१६७२ चा पहिला प्रयत्न फसला. १६७९ चा पावसाळा सरत असताना मायनाक भंडारी माणसे, तोफा आणि बांधकामाचे सामान घेऊन बेटावर उतरले. मुंबईकर इंग्रजांनी बेट सोडण्यास बजावले; महाराजांच्या हुकमाशिवाय हलता येणार नाही, असे उत्तर गेले. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या हाताखालील आरमार इंग्रजांवर चालून आले. 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. हा दिवस निर्भेळ मराठी विजय म्हणून सांगितला जातो. ते तितकेसे खरे नाही. केग्विन आणि मिंचिन यांच्या 'रिव्हेंज'ने तोफांचा असा मारा केला की मराठी गलबतांना खाडीत माघार घ्यावी लागली.

खांदेरी टिकली ती रात्रीच्या खेपांमुळे. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी खिळून राहत. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या लहान होड्या मात्र उथळ पाण्यातून अंधारात बेटावर रसद पोहोचवून परतत. वेढा घालणारेच थकले. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी गलबते मागे घेतली आणि महाराजांशी समझोता केला. इकडे सिद्दीने त्याच जानेवारीत शेजारची उंदेरी बळकावली आणि दोन्ही बेटांवरून एकमेकांवर तोफा डागल्या जाऊ लागल्या.

पुढे खांदेरी आंग्र्यांकडे आली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने तिच्यावर मोठी मोहीम काढली, तीही फसली.

पेशवाई बुडाली आणि पहाऱ्याचे कारणच उरले नाही. खडक मात्र होता तेथेच होता. आगबोटी वाढल्या, कापसाच्या व्यापाराने बंदर गजबजले, तशी अंधारात बंदराचे तोंड शोधणाऱ्या कप्तानाला बिनदिव्याच्या खांदेरीची धास्ती वाटणे साहजिक होते. कुलाब्याच्या टोकावर १७९९ पासून दीपगृह होते, पण दक्षिणेकडून येणाऱ्याला त्याआधी खांदेरी-उंदेरी ओलांडावी लागे. म्हणून १८६७ चा हा दिवा. दोनच वर्षांनी सुएझ कालवा खुला झाला. पाठोपाठ १८७५ मध्ये कुलाब्याच्या खडकांवर प्राँग्जचा स्तंभ आणि १८८४ मध्ये बंदराच्या आत सन्क रॉकचा दिवा आला.

दीपस्तंभासाठी जागा निवडताना इंग्रज अभियंत्यांनी जे पाहिले असेल, तेच जवळजवळ दोन शतके आधी महाराजांनी पाहिले होते : येथून येणारे-जाणारे प्रत्येक शीड दिसते आणि प्रत्येक शिडावरून हे ठिकाण दिसते.

इंग्रजी कागदांतील 'केन्री' आज अधिकृतपणे कान्होजी आंग्रे बेट आहे. ज्यांना कंपनी चाचा म्हणून हिणवत असे, त्यांच्याच नावाच्या दिव्यावर आता मुंबईकडे येणारी जहाजे आपली दिशा ताडून पाहतात. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी स्थळांमध्ये खांदेरीही आहे. तटावर चाकांच्या गाड्यांवरील जुन्या तोफा अजून आहेत, आणि कोळी बांधव वेताळाच्या दर्शनाला पूर्वीसारखेच होड्या घेऊन येतात.