चकतीवरून आलेले स्वातंत्र्य: वऱ्हाडातून पाहिलेला मुक्त सॉफ्टवेअरच्या सीडींचा काळ

एका सीडीत साधारण ७०० मेगाबाइट माहिती मावते. २००५ च्या सुमारास अमरावतीत किंवा अकोल्यात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरणाऱ्या एखाद्याने एवढी माहिती उतरवून घ्यायची ठरवली असती, तर काय झाले असते? मोडेमवर ५६ किलोबिट असा वेग छापलेला असे. प्रत्यक्षात हाती पडत सेकंदाला चार-पाच किलोबाइट. हिशेब मांडला तर चाळीस ते पन्नास तास होतात. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला, बिल चढत चाललेले, आणि त्यात त्या वर्षांचे भारनियमन. वीज गेली की जमवलेले सारे वाटेतच सांडे.

बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ मध्ये आले ते २५६ किलोबिटच्या वेगाने, आणि आधी मोठ्या शहरांत. त्या वेगानेही एक सीडी उतरायला सहा तासांहून अधिक काळ लागे. शिवाय सर्वांत स्वस्त योजनेत महिनाभरासाठी मिळणारी माहिती एका सीडीपेक्षा कमी होती.

म्हणून ज्या काळाला आज ‘इंटरनेटचे आगमन’ म्हटले जाते, त्या काळात वऱ्हाडासारख्या मुलखात सॉफ्टवेअर येई ते टपालाने, रेल्वेने, एसटीने आणि कोणाच्या तरी दप्तरातून. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला, तो प्रामुख्याने इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. सव्वाशे वर्षांनंतरही अकोला आणि बडनेऱ्याला नवे ज्ञान पोचवण्याचा भरवशाचा मार्ग तोच राहावा, यात थोडी गंमत आहे आणि बरेच वास्तव.

मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास तसा पहिल्यापासूनच ‘वाहून नेण्याचा’ इतिहास आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण संगणकप्रणाली उभारायची, असा तो संकल्प होता. पुढे १९८५ च्या सुमारास ‘ईमॅक्स’ या संपादकाच्या चुंबकीय फिती ते टपालाने पाठवू लागले आणि एका फितीचे १५० डॉलर घेऊ लागले. मग ते ‘फ्री’ कसले, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. उत्तर साधे होते: पैसे फितीचे आणि श्रमाचे होते, आतल्या मजकुराच्या प्रती काढण्याची मुभा घेणाऱ्याला होतीच.

इंग्रजीचा हा घोळ मराठीत व्हायचे कारण नव्हते. आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत. पण झाले उलटेच. गावोगावी ही सीडी ओळखली गेली ती ‘फुकटची सीडी’ म्हणूनच, आणि फुकटच्या वस्तूकडे जसे संशयाने पाहिले जाते तसेच तिच्याकडेही पाहिले गेले.

१९८३ हे साल वऱ्हाडासाठीही महत्त्वाचे आहे, अगदी वेगळ्या कारणाने. त्या वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली. त्याला पुढे संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली तीही त्याच वर्षी. बडनेरा, शेगाव आणि अकोला येथील अभियांत्रिकी महाविद्यालये ही त्या एका वर्षाची निर्मिती. अमरावतीत शासकीय तंत्रशिक्षणाची परंपरा त्याआधीची होती. पण आता शेतकऱ्यांची आणि शिक्षकांची मुले शेकड्यांनी संगणकाच्या वर्गात येऊन बसली. पुढच्या वीस वर्षांत मुक्त सॉफ्टवेअरच्या चकत्या वाटण्याजोगा समाज जिल्ह्याच्या ठिकाणी तयार झाला, त्यामागे ही महाविद्यालये आणि त्यांची वसतिगृहे आहेत.

भारतात अशी चकती मोठ्या प्रमाणावर पोचवण्याचे पहिले श्रेय एका मासिकाकडे जाते. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ मध्ये लिनक्सची सीडी अंकासोबत देण्याचा उपक्रम सुरू केला; त्यामागे बंगळूरचे अतुल चिटणीस होते. त्याआधी लिनक्स म्हणजे संशोधनसंस्थांत नेटवरून मिळणारी वस्तू. आता ती रेल्वेस्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानात, मासिकाला चिकटवलेल्या पाकिटातून मिळू लागली. एक अंक एकाने घ्यायचा आणि चकती दहा जणांत फिरायची, ही रीत तेव्हाची. मासिकाचा खप मोजता येतो. चकतीचा प्रवास मोजता येत नाही.

मग २००४ मध्ये उबुंटू आले. मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाने आपली ‘थॉट’ ही कंपनी १९९९ मध्ये विकली, २००२ मध्ये अवकाशाची सफर केली आणि नंतर आपला पैसा या प्रणालीत घातला. उबुंटूसोबत ‘शिपइट’ नावाची योजना होती: संकेतस्थळावर पत्ता लिहा, सीडी घरी येईल, टपालखर्चही नाही. पाकिटे नेदरलँड्समधून निघत आणि काही आठवड्यांनी पोस्टमन ती दारात आणून देई. सुरुवातीच्या पाकिटात दोन चकत्या असत, एक नुसती चालवून पाहण्याची आणि दुसरी संगणकावर बसवण्याची. २००६ च्या जूनमधील आवृत्तीपासून दोन्ही कामे एकाच चकतीवर आली. एकाहून अधिक चकत्याही मागवता येत. मोठ्या संख्येने हव्या असतील तर त्यांचे काय करणार हे लिहून द्यावे लागे. स्वयंसेवक घडवणारी खरी कळ हीच होती. ज्याने जादा चकत्या मागवल्या, त्याला त्या वाटाव्या लागत.

‘सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन’ही याच वर्षांतला. तो प्रथम २८ ऑगस्ट २००४ रोजी पाळला गेला आणि पुढच्या वर्षापासून सप्टेंबरात गेला. त्याचे मूळ ‘दि ओपन सीडी’ या उपक्रमात होते. या चकतीवर लिनक्स नव्हतेच मुळी. विंडोजवर चालणारी मुक्त सॉफ्टवेअरे होती. नवख्याला घर बदलायला सांगण्याआधी त्याच्या जुन्या घरात दोन चांगली भांडी नेऊन ठेवावीत, असा तो विचार. तो अनेक कडव्या लिनक्सप्रेमींना रुचत नसे. पण नवख्यांच्या बाबतीत तोच अधिक शहाणा होता.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. त्या काळी जिल्ह्याच्या गावात कोणाला विंडोज विकत घ्यावे लागत होते? जुळवणी केलेला संगणक दुकानातून घरी येई तो सगळे सॉफ्टवेअर ‘टाकून’च. ती प्रत बेकायदा आहे हे दुकानदाराला माहीत असे, घेणाऱ्याला बहुधा नसे. लागेल ते सॉफ्टवेअर चाळीस-पन्नास रुपयांच्या चकतीवर मिळे. अशा बाजारात ‘आमची सीडी मोफत आहे’ असे सांगणाऱ्या स्वयंसेवकाकडे विकायला काय होते? किमतीच्या बाबतीत तर काहीच नाही.

फरक कायद्यात होता. स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ६३ ब हे कलम आले. संगणक-प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि किमान ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा त्यात लिहिलेली आहे. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. एकाच वसतिगृहात शेजारी शेजारी पडलेल्या दोन चकत्या, दोन्ही घरच्या रायटरवर उतरवलेल्या, दोन्हींवर मार्करने नाव लिहिलेले. एकीची प्रत काढणे गुन्हा. दुसरीची प्रत काढायला परवान्यानेच मोकळीक दिलेली, इतकेच काय, ती शंभर रुपयांना विकली तरी परवाना मोडत नाही. अट एकच: घेणाऱ्यालाही तेच हक्क मिळाले पाहिजेत.

कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हा भेद परका नव्हता. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दरवर्षी बियाण्याचे पाकीट विकत घेण्याची सक्ती अधिकच पक्की झाली. त्याआधीच्या वर्षीच संसदेने वनस्पतिवाणांविषयीचा कायदा केला होता. त्यात शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे, फक्त नाममुद्रेखाली विकण्याचा नाही. घरचे बी आणि पाकिटातले बी, मुक्त चकती आणि कुलूपबंद चकती. तुलना फार ताणू नये, कारण संकरित बियाणे घरी राखले तर उतार पडतो आणि सॉफ्टवेअरची हजारावी प्रतही पहिलीइतकीच अस्सल असते. तरीही अकोल्याच्या कृषी विद्यापीठाभोवती वाढलेल्या मुलाला ‘प्रत काढण्याचा हक्क’ समजावून सांगायला याहून जवळचा दाखला मिळाला नसता.

चकती हातात पडली म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हते. नवखा वापरकर्ता ‘एमएस-सीआयटी’ शिकून आलेला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या या अभ्यासक्रमाने राज्यातील लाखो लोकांना संगणकापुढे बसवले, हे त्याचे मोठेपण. पण त्यांच्यासाठी संगणक म्हणजे ‘स्टार्ट’चे बटण, हेही त्यातूनच आले. त्याला वेगळा पडदा दिसला की पहिली भीती वाटे ती संगणक बिघडल्याची. ही भीती निराधार नव्हती. हार्ड डिस्कचे भाग पाडताना एक चुकीचे उत्तर दिले की घरचे सारे फोटो आणि वडिलांच्या कार्यालयीन फायली एका क्षणात जात. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या ‘नॉपिक्स’ने रूढ केलेली ‘लाइव्ह सीडी’ म्हणूनच मोलाची ठरली: प्रणाली चकतीवरूनच चाले, हार्ड डिस्कला हात लागत नसे, आणि चकती काढून संगणक पुन्हा सुरू केला की सारे पूर्ववत.

दुसरी अडचण अधिक चिवट होती. स्वस्त संगणकांतले बहुतेक मोडेम विंडोजच्या आधारावरच चालत. लिनक्सवर ते मुके होत. त्यातच एमपी३ गाणी वाजवण्याचे सॉफ्टवेअर पेटंटांमुळे उबुंटूच्या चकतीवर नसे. ते नेटवरून उतरवून घ्या, असे मार्गदर्शिका सांगे. आणि नेट तर मोडेमपाशीच अडलेले. उत्साहाने प्रणाली बसवावी आणि संध्याकाळी घरात गाणेही वाजू नये, हा अनुभव अनेकांना चकतीपासून कायमचा दूर घेऊन गेला. डेबियनची जून २००५ ची आवृत्ती चौदा सीडींची होती. ज्याच्याकडे तो पूर्ण संच आहे आणि जो तो घेऊन घरी यायला तयार आहे, असा माणूस ओळखीचा असणे हाच यावरचा उपाय. चकती वाटणारे पुष्कळ होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारे थोडे. प्रणाली टिकली ती या थोड्यांमुळे.

आणि मराठीचे काय? त्या काळचे डीटीपीचे दुकान श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर चाले. संगणकामागे ‘लॉक’ नावाचा छोटा ठोकळा लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नसे, आणि एका दुकानात टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन दिसे. युनिकोड आले होते. पण विंडोज एक्सपीत देवनागरी नीट चालू करायला मूळ सीडीच मागितली जाई, आणि ती कोणाकडे असणार? याच सुमारास केंद्र सरकारने भारतीय भाषांची साधने चकतीवर घालून मोफत वाटायला सुरुवात केली. २००५ मध्ये तमिळ आणि हिंदी, नंतर मराठीसह इतर भाषा. फॉन्ट, कळफलक आणि ओपनऑफिसची भारतीय भाषांतली आवृत्ती मागणी नोंदवली की टपालाने येई. २००७ मध्ये सी-डॅकची ‘बॉस’ ही डेबियनवर आधारलेली प्रणालीही याच वाटेने निघाली. या सरकारी चकत्यांची टवाळी पुष्कळ झाली. तिच्यात तथ्य होते. पण लॉक न विकत घेता मराठी लिहिण्याची सोय जिल्ह्याच्या गावात त्यांनी पोचवली, हेही नोंदवले पाहिजे.

‘पुन्हा येणारा माणूस’ कमी पडतो, या दुखण्यावर महाराष्ट्रात दोन ठिकाणी उपाय शोधले गेले. पुण्यात विद्यार्थी आणि लिनक्सप्रेमींनी मिळून २००३ पासून ‘ग्नूनिफाय’ हा वार्षिक मेळावा भरवला. दुसरा उपाय आयआयटी मुंबईचा. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने दहा-दहा मिनिटांचे धडे तयार केले. पडद्यावर कृती आणि कानात मराठी निवेदन. ऐकत ऐकत विद्यार्थी शेजारच्या खिडकीत तेच करून पाहतो. तज्ज्ञ शिक्षक नसलेल्या आणि नेट तुटत असलेल्या महाविद्यालयातही तो चालावा, म्हणून धडे आधीच संगणकांवर भरून ठेवण्याची सोय त्यात होती. म्हणजे जे काम पूर्वी घरी येणारा मित्र करी, ते आता चकतीवरचाच आवाज करू लागला.

एप्रिल २०११ मध्ये शिपइट बंद झाल्याची घोषणा झाली. त्यानंतर काही काळ चकत्या स्थानिक गटांकडे जात राहिल्या. ऑक्टोबर २०१२ च्या उबुंटूची प्रतिमा ८०० मेगाबाइटच्या घरात गेली आणि ती साध्या सीडीत मावेनाशी झाली.