बॅटमॅनचा दुसरा जनक आणि दोनशे जणांचे संमेलन

१/
३१ जुलै १९६५, शनिवार. न्यूयॉर्कमधील ब्रॉडवे सेंट्रल हॉटेल. एकेकाळी हे शहरातील भव्य हॉटेलांपैकी एक होते, पण आता त्याला उतरती कळा लागली होती. तेथे कॉमिक पुस्तकांच्या चाहत्यांचे दोन दिवसांचे संमेलन भरले होते. उपस्थिती दोनशेच्या आसपास, आणि त्यांत शाळा-कॉलेजातील मुलांचा भरणा मोठा. या मुलांसमोर एक्कावन्न वर्षांचे एक लेखक परिसंवादात बोलायला बसले. त्यांचे नाव बिल फिंगर.

२/
अमेरिकेतील लाखो वाचकांनी फिंगर यांच्या कथा वाचल्या होत्या, पण त्यांचे नाव मात्र जवळजवळ कोणीच ऐकले नव्हते. बॅटमॅनच्या कथांवर सव्वीस वर्षे एकच नाव छापले जात होते : बॉब केन. त्या दोन दिवसांनंतर हे चित्र पालटू लागले. मित्रमंडळींनी भरवलेल्या एका छोट्या संमेलनातून इतिहासाचे एक साधन कसे निर्माण झाले, त्याची ही हकिकत.

३/
आधी १९३९ कडे जाऊ. आदल्या वर्षी आलेल्या सुपरमॅनने विक्रीचे सारे अंदाज मोडले होते आणि प्रकाशकांना तसाच दुसरा नायक हवा होता. तरुण चित्रकार बॉब केन यांनी ‘बॅटमॅन’ नावाच्या नायकाचे एक रेखाटन केले व ते आपले मित्र बिल फिंगर यांना दाखवले. त्या रेखाटनातील नायक आज आपण पाहिला, तर ओळखणारही नाही. अंगात लाल तंग पोशाख, डोळ्यांपुरता लहानसा मुखवटा आणि पाठीला वटवाघळाचे ताठ पंख.

४/
फिंगर यांनी सुधारणा सुचवल्या. पंख काढून त्यांच्या जागी खालची किनार वटवाघळाच्या पंखासारखी कापलेला झगा द्यावा. डोके झाकणारा, टोकदार कानांचा मुखवटा असावा. डोळ्यांत बुबुळे दाखवू नयेत. हातमोजे असावेत, लाल रंग जावा आणि पोशाखावर करडी, काळोखी छटा यावी. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात जो बॅटमॅन अवतरला, तो हा असा. त्या पहिल्या कथेचे लेखनही फिंगर यांचेच होते.

५/
नावांमागेही इतिहासाचे वाचन होते. नायकाच्या ‘ब्रूस वेन’ या खऱ्या नावातील ‘ब्रूस’ स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्यावरून आला, तर ‘वेन’ हे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी अँथनी वेन यांच्यावरून. नगरीचे ‘गॉथम’ हे नाव टेलिफोनच्या डिरेक्टरीत एका जवाहिऱ्याच्या दुकानाचे नाव पाहून सुचले, असे फिंगर यांनी पुढे सांगितले.

६/
मग त्यांचे नाव कोठेच का नव्हते? प्रकाशकाशी व्यवहार केला तो केन यांनी. निर्माता म्हणून केवळ केन यांचे नाव छापले जाईल, अशी व्यवस्था झाली. फिंगर यांना केन यांनी स्वतःच्या पदरचे मानधन देऊन लिहिते केले होते, त्यामुळे कंपनीच्या लेखी आरंभी त्यांना स्थानच नव्हते. पुढे ते थेट कंपनीसाठी लिहू लागले, बॅटमॅनच्या कथा दोन दशकांहून अधिक काळ लिहीत राहिले, पण छापील नाव केन यांचेच राहिले.

७/
हा अन्याय एकट्या फिंगर यांच्या वाट्याला आला नव्हता. त्या काळी बहुतेक कॉमिकांवर लेखक-चित्रकारांची नावे नसतच. दहा सेंटचे ते पुस्तक वाचायचे आणि टाकून द्यायचे, अशी रीत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदटंचाईमुळे जुनी कॉमिके ढिगांनी रद्दीत गेली. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांच्या पुस्तकाने कॉमिकांवर मुले बिघडवण्याचा ठपका ठेवला. सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. मग प्रकाशकांनी स्वतःवरच एक कडक आचारसंहिता लादून घेतली.

८/
ज्या वाङ्मयाची समाजाला लाज वाटते, त्याची दप्तरे कोणी जपत नाही. ग्रंथालये आणि विद्यापीठे त्याकडे ढुंकून पाहत नव्हती, आणि प्रकाशकांनाही मागच्या महिन्यातील अंकाशी फारसे कर्तव्य नव्हते. अशा स्थितीत साधने जपण्याचे काम ज्यांनी केले, ते होते वाचक.

९/
हे वाचक एकमेकांना भेटले ते टपालातून. डीसी कंपनीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी १९६० च्या सुमारास वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापण्यास आरंभ केला. श्वार्ट्झ स्वतः तरुणपणी विज्ञानकथांचे चाहते होते आणि १९३२ मध्ये त्यांनी मित्रांसह एक हौशी पत्रिकाही काढली होती. पत्ता छापल्याने काय घडू शकते, याची त्यांना जाण होती. शेकडो मैलांवरील दोन अनोळखी मुले आता परस्परांना पत्र लिहू शकत होती.

१०/
डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात विज्ञान शिकवणारे जेरी बेल्स हे या पत्रव्यवहाराचे केंद्र बनले. मार्च १९६१ मध्ये त्यांनी रॉय थॉमस या मिसूरीतील तरुणाच्या साहाय्याने ‘आल्टर ईगो’ नावाची पत्रिका काढली. आपल्याकडील साठोत्तरी अनियतकालिके डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तिचे स्वरूप ध्यानी येईल. सायक्लोस्टाइलच्या जातीचे स्वस्त यंत्र, जांभळी अक्षरे, मोजक्या प्रती आणि पदरमोड. तिच्यात प्रश्न असत ते इतिहासाचे : ही कथा कोणी लिहिली? हे चित्र कोणाच्या हातचे?

११/
पत्रांतून जुळलेली मैत्री प्रत्यक्ष भेटीला उत्सुक असतेच. मार्च १९६४ मध्ये बेल्स यांच्या घरी काही चाहते दोन दिवस जमले. निमित्त होते चाहत्यांनीच ठरवलेल्या वार्षिक पुरस्कारांची मते मोजण्याचे. काम कारकुनी होते, पण दूरदूरच्या राज्यांतून माणसे आली. त्याच वर्षी मे महिन्यात डेट्रॉइटमध्ये एका किशोरवयीन मुलाच्या पुढाकाराने छोटा मेळावा भरला.

१२/
आणि २७ जुलै १९६४ रोजी, सोमवारी, न्यूयॉर्कमध्ये बर्नी बब्निस या मुलाने मित्रांच्या मदतीने एक दिवसाचे संमेलन भरवले. उपस्थिती पन्नास-साठ. ‘स्पायडरमॅन’चे चित्रकार स्टीव्ह डिट्को तेथे येऊन गेले, मार्व्हल कंपनीच्या कचेरीतील फ्लो स्टाइनबर्गही आल्या. प्रेक्षकांत न्यू जर्सीहून आलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव जॉर्ज मार्टिन. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यांच्या कादंबऱ्यांवर बेतले गेले, तेच हे पुढे प्रख्यात झालेले लेखक.

१३/
पन्नास माणसांच्या संमेलनाचा एक गुण दहा हजारांच्या संमेलनात सापडत नाही. तेथे पाहुणा आणि श्रोता यांच्यामध्ये कठडा नसतो. मुलगा जुना अंक पुढे करून विचारू शकतो, ‘हे पान तुम्हीच काढले का?’ आणि आयुष्यभर निनावी राबलेला चित्रकार त्याला उत्तर देऊ शकतो. या मुलांना ठाऊक नव्हते, पण ती मौखिक इतिहासाची साधने गोळा करत होती.

१४/
१९६५ चे संमेलन भरवले डेव्ह केलर यांनी. या वेळी गार्डनर फॉक्स, ओटो बाईंडर अशी जुनी लेखकमंडळी आली आणि त्यांच्यासोबत बिल फिंगर. फिंगर भिडस्त स्वभावाचे. श्रेयासाठी भांडणे त्यांना कधी जमले नव्हते. परंतु येथे त्यांना आदराने प्रश्न विचारणारी माणसे भेटली. संमेलनात आणि त्या सुमारास झालेल्या संभाषणांतून बॅटमॅनच्या जन्माची त्यांची बाजू जेरी बेल्स यांच्यापर्यंत पोहोचली.

१५/
बेल्स यांनी वेळ दवडला नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये त्यांनी चाहत्यांच्या एका टपाली प्रकाशनात दोन पानांचा लेख लिहिला आणि बॅटमॅनच्या घडणीत फिंगर यांचा वाटा किती मोठा आहे, हे नोंदवून ठेवले. ज्या प्रकाशनात तो आला, त्याचे सभासद पन्नासच्या घरात. म्हणजे हा लेख वाचणारी माणसे एका एसटी बसमध्ये मावली असती.

१६/
तरीही तो जेथे पोहोचायचा तेथे पोहोचला. त्याच महिन्यात केन यांनी ‘बॅटमेनिया’ या चाहत्यांच्या पत्रिकेला संतप्त खुले पत्र लिहिले. बॅटमॅनचा निर्माता मी एकटाच, फिंगर यांचा दावा खरा नाही, असा त्याचा आशय. ते छापून आले १९६७ मध्ये. एवढा नामवंत चित्रकार पन्नास वाचकांच्या लेखाला उत्तर देऊ लागतो, यातच त्या लेखाचे वजन दिसते.

१७/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून शंका घ्यायला हवी. फिंगर यांचे कथन घटनेनंतर सव्वीस वर्षांनी झालेले, आणि ते स्वतः हितसंबंधी. घटनेनंतर बऱ्याच काळाने रचलेल्या बखरींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, त्या समकालीन पत्रांशी ताडून पाहाव्यात, हे इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये आपल्या साधनांच्या पहिल्या खंडातच दाखवून दिले होते. मग फिंगर यांचे का मानायचे?

१८/
कारण पुढे मिळालेले पुरावे त्याच दिशेने गेले. १९३९ पासून केन यांचे साहाय्यक असलेले चित्रकार जेरी रॉबिन्सन यांनी फिंगर यांच्या कर्तृत्वाची ग्वाही वारंवार दिली, आणि त्यात त्यांचा स्वतःचा काहीच लाभ नव्हता. सर्वांत मोठी साक्ष मात्र प्रतिपक्षाकडून आली. १९८९ च्या आत्मचरित्रात खुद्द केन यांनी मान्य केले की, फिंगर यांना त्यांच्या योग्यतेचा मान कधी मिळाला नाही. स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेल्या कबुलीचे मोल साधनचिकित्सेत मोठे असते.

१९/
ही कबुली ऐकायला फिंगर नव्हते. १९६६ मध्ये बॅटमॅनच्या दूरचित्रवाणी मालिकेतील एका दोन भागांच्या कथेवर सहलेखक म्हणून त्यांचे नाव झळकले. बॅटमॅनच्या संदर्भात त्यांना हयातीत मिळालेले असे श्रेय फारच विरळा. १८ जानेवारी १९७४ रोजी, साठी गाठण्याआधीच, त्यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले.

२०/
मात्र चाहत्यांच्या नोंदी टिकून होत्या. बेल्स यांनी सहकाऱ्यासह १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकन कॉमिक-कलावंतांचा चार खंडांचा परिचयकोश सिद्ध केला. २००५ मध्ये रॉबिन्सन यांच्या पुढाकाराने उपेक्षित कॉमिक-लेखकांसाठी फिंगर यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. २०१२ मध्ये मार्क टायलर नोबलमन यांनी फिंगर यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्या शोधात फिंगर यांची नातही सापडली, आणि श्रेयाच्या मागणीला वारस मिळाला.

२१/
सप्टेंबर २०१५ मध्ये डीसी कंपनीने फिंगर यांना श्रेय देण्याचे जाहीर केले. मार्च २०१६ च्या ‘बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन’ या चित्रपटात बॉब केन यांच्या नावाशेजारी बिल फिंगर यांचे नाव पडद्यावर आले. पहिल्या कथेपासून शाहत्तर वर्षांनी आणि त्या परिसंवादापासून बरोबर पन्नास वर्षांनी कंपनीने हे मान्य केले.

२२/
ज्या वास्तूत तो परिसंवाद झाला, ती आज नाही. ३ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉडवे सेंट्रल हॉटेल कोसळले आणि त्यात चार जणांचा मृत्यू झाला. कॉमिक-संमेलने मात्र फोफावली. सॅन डिएगोचे संमेलन १९७० मध्ये शंभरएक जणांच्या एकदिवसीय मेळाव्यापासून सुरू झाले. आज तेथे लाखाहून अधिक लोक येतात आणि मोठमोठ्या चित्रपटांच्या घोषणा होतात.

२३/
त्या झगमगाटाबद्दल तक्रार नाही. परंतु फिंगर यांचे नाव वाचले ते दोनशे जणांच्या दालनामुळे. तेथे एक माणूस बोलला, दुसऱ्याने ऐकले आणि महिनाभरात ते लिहून काढले. यांतील तिसरी गोष्ट घडली नसती, तर पहिल्या दोन वाया गेल्या असत्या.

२४/
तेव्हा मित्रांसह एखाद्या लहानशा संमेलनाला, पुस्तक प्रदर्शनाला, जुन्या मासिकांच्या मेळाव्याला गेलात, तर कोपऱ्यातील टेबलापाशी एकटे बसलेल्या वयस्क माणसाजवळ थांबा. ज्या अंकावर नाव नाही तो त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, हे कोणाच्या हातचे? उत्तर मिळाले, की त्याच रात्री तारीख घालून लिहून ठेवा. ते खरे की खोटे, हे पुढचा अभ्यासक ताडून पाहील. पण ताडून पाहण्यासाठी त्याच्या हाती कागद असायला हवा.