भोसले घाटावरील बिऱ्हाड

काशीस बदली झाल्याचा हुकूम हाती पडला, तेव्हा आमच्या घरातील वडील मंडळींना जो आनंद झाला, तो आमच्या बढतीच्या वेळीही झाला नव्हता. सरकारी खर्चाने काशीवास घडावा, आणि तोही भर तारुण्यात, हे भाग्य आमच्या कुळात कोणाच्याच वाट्याला आले नव्हते. आमच्या मनात मात्र मुलांच्या शाळेचा आणि जागेचा घोर होता. पुढे जागा मिळाली ती भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत. गल्ली एवढी अरुंद की, समोरून गाय आली तर आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढावे. नावाडी घाटाचे नाव ‘भोंसले’ असे नाकातून उच्चारी. पहिल्या आठवड्यात आम्ही त्याचा उच्चार सुधारून पाहिला. त्याने शांतपणे सांगितले की, त्याचा बापही असाच म्हणत असे. त्यानंतर आम्ही तो नाद सोडला.

मणिकर्णिकेकडून नावेने पुढे निघाले की शिंदे घाट, संकठा घाट, गंगामहाल असे करीत भोसले घाट येतो. नागपूरकर भोसल्यांनी तो १७८० च्या सुमारास बांधविला. पायऱ्यांच्या माथ्यावर दगडी वाड्याची भिंत सरळ वर चढत जाते; खालचा भाग जवळजवळ आंधळा, आणि खिडक्या आहेत त्या पार वरच्या अंगाला. परक्याला ती किल्ल्याची तटबंदी वाटते. पण पावसाळ्यात गंगा चढू लागली म्हणजे त्या भिंतीचा अर्थ कळतो. १९७८ च्या सप्टेंबरातील पुराची आठवण घाटावरची म्हातारी माणसे अद्याप सांगतात. घाटाशी लक्ष्मीनारायण, यमेश्वर आणि यमादित्य यांची देवस्थाने आहेत. ज्यांनी हे बांधले त्यांचे राज्य १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने खालसा केले. नागपूरचे राज्य गेले. गंगेच्या काठी त्यांचे आडनाव राहिले.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या सहसा ध्यानी येत नाही. घाटांची नावे ऐकून काशी कधीकाळी मराठ्यांची होती असा पुष्कळांचा समज असतो. ती कधीच नव्हती. पेशव्यांच्या मनात काशी-प्रयाग घेण्याची उत्कंठा होती, परंतु ती तडीस गेली नाही. काशीवर अयोध्येच्या नबाबाचा अंमल होता आणि बळवंतसिंहाचे घराणे तेथे नांदत होते. १७७५ मध्ये हा प्रांत इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. दशाश्वमेधाचे पेशव्यांचे काम, अहल्याबाईंनी १७८० मध्ये पुरे केलेले विश्वनाथाचे देऊळ, बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधलेला आणि स्वतःच्याच भाराने खचलेला शिंदे घाट, हे सगळे परक्याच्या राज्यात, परक्याच्या परवानगीने उभे राहिले. म्हणजे आपली माणसे येथे राज्यकर्ते म्हणून आली नाहीत. ती बिऱ्हाडकरू म्हणून आली आणि बिऱ्हाडकरूनेच घर बांधावे तशी त्यांनी घरे बांधली.

राजे पैसा धाडीत. पण दगड मोजून घेणारा, गवंड्यांशी हुज्जत घालणारा, हिशेब पुण्यास पाठविणारा माणूस येथे बायकामुलांसह राहावा लागे. पहिल्या बाजीरावाच्या वतीने सदाशिव नाईक जोशी हे काम पाहत. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडे मराठी वस्तीचे बस्तान बसविले. विद्वानांचे येणे तर त्याहून जुने. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात येथे आले. त्यांच्या वंशातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकासाठी गेले. दीड शतक काशीत राहिलेल्या घराण्यातला माणूस आपल्या मूळ मुलखात जातो आणि तेथे ‘काशीचा’ म्हणून ओळखला जातो, ही गंमत परप्रांतात नोकरी केलेल्या कोणालाही उमगेल. सुट्टीत गावी गेलो की आम्हीही ‘काशीकर’ होतो.

भोसल्यांच्या नोकरीतला एक माणूस येथे आठवतो. बेनीराम पंडित हा नागपूरकरांचा वकील, कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जच्या दरबारी नेमलेला; त्याचे घर काशीत होते. १७८१ च्या ऑगस्टमध्ये हेस्टिंग्जने चेतसिंहाला कैद केले, शहर उठले, आणि गव्हर्नर जनरलला रातोरात चुनारगडाकडे पळ काढावा लागला. बेनीराम आणि त्याचा भाऊ त्याच्या मागोमाग चुनारला पोचले. हेस्टिंग्जपाशी फौजेला द्यावयास पैसा नव्हता; बेनीरामाने काशीतल्या घरी असलेले एक लाख रुपये देऊ केले. पुढे त्याला जहागीर मिळाली. हे स्वामिनिष्ठेत बसते की नाही, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. आमच्या मनात येते ते वेगळेच. त्या रात्री बेनीरामाच्या घरातील बायकांनी दारे कशी लावली असतील, आणि धनी शहर सोडून गेल्यावर सकाळी चूल पेटली असेल का, हे कोणत्याच कागदात नाही. परमुलखातील वकिलाच्या इतिहासात त्याचे घर नेहमीच असे गळून पडते.

आणि घर गळले तरी प्रवास मात्र नोंदला जातो. बाजीरावाच्या मातुःश्री राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून निघाल्या. उदेपूर, जयपूर करीत काशीयात्रा आटोपून १७३६ च्या जूनमध्ये परतल्या. सव्वा वर्षाची ती यात्रा! वाटेतल्या राजेरजवाड्यांनी त्यांचा सत्कार केला, कारण मुलाचा दरारा मोठा होता. पंचवीस वर्षांनी तशीच एक आई निघाली, ती सदाशिवरावभाऊंच्या फौजेसोबत. नाना फडणवीस तेव्हा अठरा वर्षांचे होते; आईला आणि पत्नीला यात्रा घडवावी म्हणून ते लष्कराबरोबर गेले. पानिपतानंतर पत्नी परत आली, आई आली नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेस गेले, बंडात सापडले, लुटले गेले. शेवटी हाती काय लागले, तर खांद्यावरची गंगेची कावड. ती त्यांनी चालत कोकणात नेऊन आईबापांना स्नान घातले.

१८७० मध्ये जबलपुराशी रूळ जुळून मुंबई-कलकत्ता आगगाडी सुरू झाली, आणि १८८७ मध्ये राजघाटाचा पूल खुला होऊन मोगलसरायकडची गाडी थेट गावात आली. आता मुंबईहून काशी एका अहोरात्राहून थोडी अधिक, इतकीच दूर आहे. कावड मात्र थांबलेली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही जाताना गंगेचे गडू नेतो, आणि येताना त्याच पेटीतून गोडा मसाला, मेतकूट, आमसुले, कुळथाचे पीठ आणतो. आमच्या कुटुंबाच्या मते दुसऱ्या दिशेचे ओझे अधिक पवित्र आहे.

रोजच्या राहणीत परकेपण कोठे बोचते, असे कोणी विचारले तर आम्ही पंचांग पुढे करू. काशीचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे शुक्लपक्षात दोन्ही घरे एका महिन्यात नांदतात आणि कृष्णपक्ष लागला की वेगळी होतात. आमच्या घरमालकीण बाईंचा श्रावण आमच्या आषाढातच सुरू होतो. त्यांचे सोमवार राखीपौर्णिमेबरोबर आटोपतात, तेव्हा आमचे अजून उरलेले असतात. पहिल्या वर्षी ज्येष्ठाच्या अमावास्येला गल्लीतल्या साऱ्या सुवासिनी वडाला सूत गुंडाळून आल्या आणि आमच्या कुटुंबाला, आपण विसरलो की काय, असा धसका बसला. (त्यांची ज्येष्ठी अमावास्या म्हणजे आपला वैशाख संपतो तो दिवस.) पंधरा दिवसांनी पौर्णिमेला ती एकटीच पूजेचे ताट घेऊन निघाली. झाडावरची जुनी सुते विटली होती. घरमालकीण बाई कुतूहलाने तिच्यासोबत गेल्या. दुसऱ्या वर्षीही गेल्या, तेव्हा त्यांनी स्वतःहून ताटात आंबे ठेवले.

चुलीचे भांडण त्या मानाने लवकर मिटते. हिवाळ्यात काशीत चूडा-मटर करतात: तुपात परतलेले पोहे आणि कोवळे मटार. आमच्या मुलांनी ते ‘आपलेच पोहे, पण हळदीशिवाय’ म्हणून पत्करले. भाषेचे तसे होत नाही. परवा धाकट्याने विचारले, “आई, दही जमला का?” आईने “दही लागले” असे उत्तर दिले, चूक मुद्दाम दाखविली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून आम्ही समजलो.

आमचे काही स्नेही अशा प्रसंगी हळहळतात. आम्हांस इतिहास निराळे सांगतो. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ मध्ये याच काशीत मराठी घरात जन्मले. १९२० मध्ये निघालेल्या ‘आज’ पत्राचे संपादन करून त्यांनी हिंदी वृत्तपत्राच्या भाषेला घाट दिला. लक्ष्मण नारायण गर्दे हेही तसेच काशीच्या मराठी घरातले हिंदी संपादक. त्यांची लेखणी मराठीला मुकली हे खरे. परंतु ज्या गावाने शेकडो वर्षे आपल्याला जागा दिली, त्याला आपण पायऱ्यांखेरीज आणखी काही दिले, हेही तितकेच खरे. धाकट्याचा ‘दही जमला’ ऐकून आमचा जीव थोडासा खाली पडतो तो या दोघांमुळे. थोडासाच. कारण पराडकरांची नातवंडे-पणतवंडे कोणत्या भाषेत स्वप्ने पाहत असतील, हा प्रश्न आम्हांला सुचतो, आणि तो आपल्याच घरावर उलटतो.

मध्यंतरी क्षेत्रोपाध्यायांकडे गेलो होतो. त्यांनी गाव विचारले, आडनाव विचारले, आणि लाल बासनातून लांबट वही काढली. आजोबांची सही मोडीत होती. आम्हांला ती वाचता आली नाही. गुरुजींनी वाचून दाखविली: सहकुटुंब, सोबत विधवा बहीण आणि दोन मुले. त्यांपैकी एक आमचे वडील. खाली आमचे नाव आम्ही बाळबोधीत लिहिले. मुलाला लिहावयास सांगितले, तर त्याने विचारले की ‘ळ’ घालावयाचा ना? घालावयाचा, असे आम्ही म्हटले. आमच्या आडनावातला तो ‘ळ’ शाळेच्या दाखल्यावर ‘ल’ झालेला आहे.

कार्तिक शुद्ध द्वितीया हा शुक्लपक्षातला दिवस. दोन्ही पंचांगांत एकच. येथे तिला यमद्वितीया म्हणतात आणि त्या दिवशी यमेश्वराच्या दर्शनाला फार महत्त्व आहे. यमुनेने भावाला जेवू घातले ती हीच तिथी, आपली भाऊबीज. गेल्या वर्षी आमचे मेहुणे चार दिवसांची रजा काढून आले. पहाटे भोसले घाटावर थंडी होती. पंचगंगेकडे बांबूवरचे आकाशदिवे अजून तेवत होते. घरमालकीण बाईंचे भाऊ आणि आमचे मेहुणे एकाच पायरीवर कपडे काढून पाण्याच्या अंदाजाला उभे होते, आणि आधी कोणी उतरावे यावरून दोघांचा आपापल्या भाषेत आग्रह चालला होता. वर वाड्याच्या भिंतीपाशी दोघी बहिणी ओवाळणीची ताटे पदराआड धरून, वारा लागू न देता, वाट पाहत होत्या.