विरती अक्षरे आणि वाशीमचे नाव

पडद्यावरील अक्षरे फिकी करीत नाहीशी करणे हा नवशिक्यांच्या संगणकभाषेतील एक लहानसा पाठ होय. परंतु ज्याला देवनागरीत लिहावयाचे आहे त्याच्यापुढे या पाठातून लिपीच्या घटनेचाच प्रश्न उभा राहतो. तो वाशीम या नावाच्या आधारे येथे मांडावयाचा आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. मूकपटांच्या काळी भिंगाचे छिद्र क्रमाने मिटवून शीर्षके अंधारात विरविता येत. 1964 साली केमेनी व कुर्ट्झ यांनी डार्टमथ येथे ‘बेसिक’ भाषा सिद्ध केली तेव्हा तिचे उत्तर दूरमुद्रकाच्या कागदावर टंकित होऊन येई; कागदावरचे अक्षर विरणार कोठून? 1984 साली सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेतून भारतीय शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो यंत्रास आठच रंग ठाऊक होते. पांढऱ्यावरून पिवळा, मग आकाशी, हिरवा, असे करीत काळ्यापर्यंत उतरावयाचे. हे विरणे नव्हे, जिना उतरणेच. 2008 सालच्या ‘स्मॉल बेसिक’मध्ये मात्र मजकुराची आकृती करून तिची अपारदर्शकता 100 पासून 0 पर्यंत एकेकाने उतरविता येते. दर पायरीस 20 सहस्रांश सेकंद थांबले की दोन सेकंदांत शब्द नाहीसा होतो. (‘स्क्रॅच’मध्ये हीच मोजणी उलट आहे. तेथे ‘भूत’ नावाचा परिणाम 0 पासून 100 पर्यंत चढतो.)

संपूर्ण ओळ एकदम विरवावयाची असेल तर देवनागरीस काहीच बाध येत नाही. अडचण येते ती एकेक अक्षर विरविताना. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी असून, 1939 साली उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथूनच दिलेला आहे. त्याचा आरंभ संस्कृतात व पुढील भाग प्राकृतात आहे. ‘वत्सगुल्म’ या शब्दाची लांबी यंत्रास विचारली असता ते 9 असे उत्तर देते. वाचणारा मात्र व, त्स, गु, ल्म अशी चारच अक्षरे मोजतो. यंत्र हलन्तचिन्ह व उकार यांनाही स्वतंत्र घटक मानते. त्यामुळे एकेक घटक वेगळा काढून विरविला तर ठिपक्यांच्या वर्तुळाखाली लोंबणारा उकार पडद्यावर येतो, आणि ‘त्स’ मोडून ‘त’ व ‘स’ सुटे पडतात.

याचा दोष यंत्रास देणे उचित नाही. 1988 च्या ‘इस्की’ संकेताने देवनागरीची वर्णवार मांडणी केली, व 1991 च्या युनिकोडने तीच आधारास घेतली. साठवणुकीस व टंकनास ती योग्यच आहे. चूक होते ती साठवणुकीचा घटक आणि वाचनाचा घटक एकच मानण्यात. रोमन लिपीत हे दोन्ही बहुधा जुळतात, म्हणून तेथील पाठ्यपुस्तकांस हा भेद सांगावा लागत नाही.

भाषेच्या इतिहासाकडे पाहता हा भेद अधिकच लक्षणीय ठरतो. वत्सगुल्माचे प्राकृत रूप वच्छोम. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’त वच्छोमी रीतीचा उल्लेख येतो. येथे ‘त्स’मधील त् गळाला व स राहिला, असे घडलेले नाही. संपूर्ण जोडाक्षरच ‘च्छ’ झाले, आणि मराठीत त्याचा स किंवा, तालव्य स्वरापूर्वी, श झाला. मत्स्य, मच्छ, मासा, मक्षिका, मच्छिआ, माशी, तसेच वाशीम. जोडाक्षर ओसरताना मागील अ दीर्घ होऊन ‘वा’ आला. म्हणजे शतकांच्या ओघात जो शब्द खरोखर विरत गेला, त्यातही जोडाक्षर एकसंधपणेच बदलले.

तेव्हा ‘वत्सगुल्म’ विरवून त्याजागी ‘वाशीम’ उमटवावयाचे असल्यास विद्यार्थ्याने मजकूर यंत्राकडून कापून घेऊ नये. व, त्स, गु, ल्म असे चार तुकडे स्वतः लिहावेत व प्रत्येकाची निराळी आकृती करावी. एवढे करूनही शिरोरेषेकडे लक्ष ठेवावे लागते. दोन आकृत्या किंचितही एकमेकींवर आल्या, तर अर्धपारदर्शक अवस्थेत त्या सांध्यावर रेषा गडद दिसते. दूर राहिल्या, तर रेषा तुटते.