अर्जामागचा इतिहास: नागपूर, १९४२ आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती

धरमपेठेत, उत्तर अंबाझरी मार्गावर, कला, वाणिज्य आणि विज्ञानाची जुनी महाविद्यालये आहेत. पलीकडे अमरावती मार्गाच्या बाजूला लॉ कॉलेज, लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था आणि विद्यापीठाचा परिसर. प्रवेशाचे दिवस आले की या पट्ट्यातील झेरॉक्सच्या दुकानांत तीच कागदपत्रे पुन्हा पुन्हा यंत्रावर ठेवली जातात: तहसीलदाराच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, आधारशी जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचे पहिले पान. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो.

यातील प्रत्येक कागदाला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक निर्णायक टप्पा याच शहरात घडला. धागा मोठा आहे, कारण गोष्ट पेशवाईपासून सुरू होते.

शिकणाऱ्याला राजाने पैसे द्यावेत ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. पेशवे पुण्यात श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. राज्य गेले तरी इंग्रजांनी ही प्रथा एकदम मोडली नाही. त्यांनी तिचा खर्च आटवला आणि त्यातील काही रक्कम १८२१ मध्ये पुण्यात काढलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवली. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला की दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेला मिळावा. या मागणीवरून शहरात मोठा क्षोभ झाला. अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे याच निधीतून महाविद्यालयीन ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. म्हणजे एका धार्मिक दानाचे हळूहळू शैक्षणिक वेतनात रूपांतर झाले. मात्र त्याचा लाभ घेणारा समाज फारसा बदलला नाही.

गोपाळ गणेश आगरकर हे या दक्षिणा फेलोंपैकी एक. त्यांचे शालेय शिक्षण अकोल्यात झाले. तेथे ‘वऱ्हाड समाचार’मध्ये लिहून त्यांनी चार पैसे मिळवले आणि १८७५ मध्ये मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालण्याची त्यांची आख्यायिका मराठी घरांत अजून सांगितली जाते. ती सांगताना एक गोष्ट सहसा निसटते: आगरकर टिकले ते बुद्धीच्या आणि जिद्दीच्या बळावर खरेच, पण बुद्धीला मोल देणारी एक व्यवस्था त्यांच्यासाठी आधीपासून उभी होती.

ज्यांच्यासाठी ती उभी नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडला. त्यांच्या निवेदनाचा प्राथमिक शिक्षणाचा भाग सर्वांना ठाऊक असतो; शिष्यवृत्तीविषयीचा भाग फारसा कोणी उद्धृत करत नाही. स्पर्धेतून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांमुळे खालच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखाव्यात जेथे शिक्षण अद्याप पोहोचलेलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिष्यवृत्ती हे हुशारीचे बक्षीस आहे की अडथळा दूर करण्याचे साधन? भारतातील विद्यार्थी साहाय्याचा पुढचा सारा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो.

सरकारने उत्तर द्यायला साठ वर्षे लावली. मधल्या काळात जे घडले ते संस्थानिकांच्या आणि खासगी दात्यांच्या औदार्यावर. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना दरमहा पंचवीस रुपये दिले आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्या शिष्यवृत्तीला अट होती: परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी. आंबेडकरांनी करारावर सही केली. बडोद्यात नोकरीला गेल्यावर राहायला जागा मिळू नये इतका अपमान वाट्याला आला आणि ते शहर त्यांना सोडावे लागले, हे सर्वश्रुत आहे.

हा अनुभव पुढच्या घटनांच्या मुळाशी आहे असे मानायला जागा आहे. दात्याची मर्जी, दात्याची अट आणि दात्याच्या राज्यातील समाज, या तिन्ही गोष्टींवर विद्यार्थ्याचे भवितव्य टांगलेले राहते. सयाजीराव उदार होते यात शंका नाही. पण प्रत्येक भीमरावाला एक सयाजीराव भेटेल अशी व्यवस्था करता येत नाही. अर्थसंकल्पात तरतूद मात्र करता येते.

नागपूर येथे कथेत येते.

१८ ते २० जुलै १९४२ या तीन दिवसांत नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते मद्रासचे रावबहादूर एन. शिवराज. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना याच परिषदेत झाली, आणि आंबेडकरांच्या प्रसिद्ध त्रिसूत्रीचा उच्चारही याच व्यासपीठावरून झाला. त्यामुळे परिषदेचे राजकीय महत्त्व इतिहासाच्या पुस्तकांत नीट नोंदलेले आहे. तिच्या ठरावांतील पैशाचा भाग मात्र मागे पडतो.

परिषदेने मागितले होते की प्रत्येक प्रांताच्या अर्थसंकल्पात अस्पृश्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक स्वतंत्र रक्कम असावी. ठरावाची भाषा कोरडी आहे, पण त्यातील ‘वेगळी काढून ठेवावी’ हा भाग क्रांतिकारक होता. देणगी मागणाऱ्याला हात पसरावा लागतो. तरतूद मागणारा हिशेब विचारू शकतो.

२० जुलैला त्याच ठिकाणी दलित महिलांचीही परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बायकांनी तेथे बहुपत्नीत्वाला विरोध केला, घटस्फोटाचा हक्क मागितला, गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी रजा मागितली, आणि मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढावीत असाही ठराव केला. याच नागपुरात जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली होती. त्यांनी स्वतः कामठी-नागपूर रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहिली होती. वसतिगृहाची मागणी करणाऱ्या त्या सभेतील स्त्रियांना शाळेपर्यंतचे अंतर मोजायला नकाशाची गरज नव्हती.

परिषदेच्या काही दिवस आधीच, २ जुलै रोजी, आंबेडकरांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून नियुक्ती जाहीर झाली होती. ज्याच्याकडे मागायचे त्या दरबारात आता मागणाराच बसणार होता. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांविषयी एक सविस्तर निवेदन दिले.

शिक्षणाच्या संदर्भात हे निवेदन आजही चकित करते. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी या समाजाचे फारसे भले होणार नाही, त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि त्याचा खर्च या समाजाच्या आवाक्याबाहेर आहे, हा त्यांचा मुद्दा होता. हे लिहिणारा माणूस स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर होता, हे लक्षात घ्यावे. मग आकडे येतात: भारतातील विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी वर्षाला दोन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या आणि परदेशातील शिक्षणासाठी वर्षाला एक लाख. एकूण तीन लाख. आकडा हवेतून आणलेला नव्हता. बनारस आणि अलीगढ या दोन विद्यापीठांना केंद्र सरकार प्रत्येकी तितकेच अनुदान देत होते. एका समाजाच्या नावाने विद्यापीठाला पैसे देता येतात, तर दुसऱ्या समाजाच्या विद्यार्थ्यांना का नाही, असा हा बिनतोड हिशेब होता.

१९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. १९४८-४९ मध्ये ती अनुसूचित जमातींना आणि त्यानंतरच्या वर्षी इतर मागासवर्गांना लागू झाली. आज धरमपेठेतील विद्यार्थी ज्या योजनेचा अर्ज भरतो ती हीच, स्वातंत्र्याहूनही तीन वर्षांनी वडील.

मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. राजधानीचा मान गेल्याची सल शहरात दीर्घकाळ राहिली. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र या स्थलांतराचा एक लाभ झाला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये मुंबई राज्याने आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी शुल्कमाफी आणली, तिची उत्पन्नमर्यादा पुढे वर्षाला १,२०० रुपये झाली, आणि ‘ईबीसी’ हे तीन इंग्रजी अक्षरांचे नाव विदर्भाच्या खेड्यांतही मराठी शब्दासारखे बोलले जाऊ लागले. आता जातीबरोबर उत्पन्न हाही निकष झाला. तहसील कचेरीतील उत्पन्नाचा दाखला विद्यार्थ्याच्या आयुष्यात एवढा महत्त्वाचा झाला तो अशा योजनांमुळे.

त्याच वर्षाच्या, म्हणजे १९५६च्या, १४ ऑक्टोबरला धरमपेठेपासून थोड्याच अंतरावर धम्मदीक्षेचा सोहळा झाला होता. त्या भूमीच्या परिसरात १९६४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. समाजकल्याण खात्याचे कार्यालय असलेले सामाजिक न्याय भवनही तेथेच, श्रद्धानंदपेठेत आहे. शिष्यवृत्ती अडली की विद्यार्थी जेथे चौकशीला जातो ते ठिकाण आणि दीक्षाभूमी शेजारी शेजारी आहेत, हा योगायोग नागपूरकरांच्या इतका सवयीचा झाला आहे की त्याकडे कोणी थांबून पाहत नाही.

शिष्यवृत्ती अडते का, याचे उत्तर मात्र श्रद्धानंदपेठेत नाही. ते योजनेच्या रचनेत आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ते समजून घेण्यासारखे आहे. या योजनेत राज्यावर एक ‘बांधील दायित्व’ असे. पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी राज्यात शिष्यवृत्तीवर जितका खर्च झाला असेल, तितका भार पुढच्या पाच वर्षांत राज्याने दरवर्षी उचलायचा. त्याहून वर जो खर्च होईल तो केंद्राने द्यायचा. ऐकायला न्याय्य वाटते. पण याचा अर्थ असा की जितके विद्यार्थी वाढतील तितके राज्याचे दायित्व दर पाच वर्षांनी एकदम उडी घेणार. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली, त्यानंतर पंचवार्षिक योजनाच बंद झाल्या, आणि राज्यांवरचा भार शिखराला पोहोचला. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात साऱ्या देशासाठी केंद्राचा वाटा वर्षाला सुमारे १,१०० कोटी रुपयांवर आला होता. अनेक राज्यांत थकबाकी साचली. मुलांनी शिकावे म्हणून केलेली योजना मुले शिकू लागल्यामुळेच अडखळली, हा तिच्या इतिहासातील सर्वांत कडू भाग होय.

२३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ही पद्धत मोडली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद करून केंद्र आणि राज्य यांचे प्रमाण ६० आणि ४० असे ठरले. १९४२ मध्ये मोहन पार्कवर जी ‘ठरावीक वार्षिक रक्कम’ मागितली गेली होती, तिच्या जवळ जाणारी व्यवस्था अशी आठ दशकांनी आली.

दरम्यान अर्जाचे रूपही पालटले. पूर्वी अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाकडे देत आणि यादी फलकावर लागे. २०१७-१८ पासून महाडीबीटी पोर्टल आले आणि पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होऊ लागले. मधले हात कमी झाले, हा लाभ निर्विवाद. पण लिपिकाशी निदान हुज्जत घालता येत असे. आधार बँकेशी जोडलेले नाही म्हणून परत आलेल्या रकमेबद्दल संकेतस्थळाशी हुज्जत घालता येत नाही.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी २०१६-१७ मध्ये राज्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. धरमपेठ-गोकुळपेठ भागातील खोल्यांची भाडी पाहता २०,००० रुपये किती महिने पुरतात, हे तेथे राहिलेल्याला सांगावे लागत नाही. तरीही वसतिगृह नाही तर निदान भाडे, ही कबुली महत्त्वाची आहे.

मूळ मॅट्रिकोत्तर योजनेचा निर्वाह भत्ता वेगळा. घरून ये-जा करणाऱ्या आणि बी.ए. किंवा बी.कॉम. करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला २०१० च्या दरांप्रमाणे महिन्याला ३०० रुपये मिळत. २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी हा भत्ता वार्षिक केला: ३,००० रुपये. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर अकरा वर्षांत वाढ शून्य येते. कौटुंबिक उत्पन्नाची कमाल मर्यादाही २०१३ मध्ये वर्षाला अडीच लाख ठरली, आणि २०२१ च्या तत्त्वांतही ती अडीच लाखच राहिली.