चंद्रावरचे खड्डे आणि आपले लोणार
चंद्रावर जसे गोल खड्डे आहेत, तसा एक आपल्या अमरावती विभागातही आहे: बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर. यवतमाळच्या बऱ्याच भागात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, त्याच बेसॉल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा खड्डा पडला. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारी उल्का नुसती रुतत नाही. स्फोट होतो, खडक वितळून चौफेर उडतो. म्हणून ती तिरपी आली तरी खड्डा बहुधा गोलच. काही अभ्यासक लोणारला ज्वालामुखीचे मुख समजत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने, धक्क्याने काच बनलेले खनिज दाखवून, उल्केवर शिक्कामोर्तब केले. चंद्रावर वारा-पाऊस नाही, खड्डे टिकतात. इथे ते झिजतात. आमची विनंती एवढीच: मुलांना लोणार जरूर दाखवा, पण तिथला दगड घरी आणू नका. तोच पुरावा आहे.